आपलं पॅनेल कुठलं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मतदान केंद्राच्या दारापासून ४० फुटांच्या आत प्रचार चालत नाही. म्हणून निवडणुकीच्या पहाटे, उजाडायच्या आधीच, आमच्या केंद्रप्रमुख बाई मोजपट्टीचं एक टोक धरून शाळेच्या दारात उभ्या राहतात, दुसरं टोक घेऊन मी अंधारात चालत जाते, आणि ४० फूट भरले की तिथे पाटी लावतो. पाटीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पक्ष. मतदान सहाला सुरू होतं, पण त्याच्या आधीच पलीकडे दोन्ही पक्षांची घडीची टेबलं उघडलेली असतात. कॉफीचे थर्मास, हातमोजे आणि वाटायच्या कागदांचे गठ्ठे. डेमोक्रॅटिक पक्षाचा गठ्ठा निळा, रिपब्लिकन पक्षाचा वेगळ्या रंगाचा. कागद म्हणजे नमुना मतपत्रिका: खरी मतपत्रिका दिसते तशीच छापलेली, फक्त आपल्या माणसांच्या नावापुढचे गोल आधीच भरलेले.

एरवी मी डेटाबेस सांभाळते. नोव्हेंबरातल्या निवडणुकीच्या मंगळवारी मात्र रजा टाकून फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) इलेक्शन ऑफिसर होते. आपल्याकडे मास्तरांच्या गळ्यात पडणारं हे काम इथे आपण होऊन मागून घ्यायचं असतं. त्या अर्जात एक गमतीचा रकाना आहे: तुम्ही कुठल्या पक्षाच्या वतीने? कारण कायद्याप्रमाणे केंद्रप्रमुख एका पक्षाच्या वतीचे असले तर उपप्रमुख दुसऱ्या पक्षाच्या वतीचे लागतात, म्हणजे एकमेकांवर नजर राहते. आमच्या प्रमुख बाई एकीकडच्या, उपप्रमुख आजोबा दुसरीकडचे. दिवसभरात दोघांचं वाजतं ते फक्त खोलीतल्या हीटरवरून. मी त्या रकान्यात 'कुठल्याच नाही'वर खूण केली होती.

सांगतेय ती गोष्ट ७ नोव्हेंबर २०२३ ची. मतपत्रिका लांबलचक होती. राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं, शेरीफ, सरकारी वकील, काउंटीचं बोर्ड, सरकारी शाळा चालवणारं स्कूल बोर्ड, अगदी माती-पाणी संवर्धनाचे संचालकसुद्धा. शिवाय शाळांसाठी कर्जरोखे काढायचे का, हा प्रश्न. यातल्या फक्त वरच्या दोन जागांसाठी, म्हणजे विधिमंडळासाठी, नावाबरोबर पक्ष छापलेला होता. खाली सगळीकडे नुसती नावं. राज्याचा कायदाच तसा आहे. स्थानिक पदांसाठी मतपत्रिकेवर पक्ष येत नाही.

स्कूल बोर्डाच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. तिथे पक्षाला उमेदवारीच देता येत नाही. ज्याला उभं राहायचंय त्याने १२५ मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि अपक्ष म्हणून उतरायचं. या राज्यात स्कूल बोर्ड पूर्वी नेमलंच जायचं. निवडून द्यायची मुभा १९९२ साली मिळाली, देशातल्या सगळ्या राज्यांच्या शेवटी, आणि फेअरफॅक्सने पहिलं बोर्ड निवडलं १९९५ मध्ये. बारा जागा: नऊ विभागांतून एकेक, उरलेल्या तीन सगळ्या काउंटीतून. सुमारे १ लाख ८० हजार मुलं आणि तीन अब्ज डॉलरच्या वरचं अंदाजपत्रक या बारा जणांच्या हातात. पक्षाने उमेदवारी द्यायची नाही हे ठरलं, पण 'ही व्यक्ती आमची पुरस्कृत' असं जाहीर करायला कुणाची आडकाठी नाही. तेव्हा पक्ष जाहीर करतात, नमुना मतपत्रिकेवर त्या नावांचे गोल भरतात आणि ४० फुटांवर उभे राहतात.

सकाळभर गर्दी बरी होती. शाळेला सुट्टी होती, तेव्हा बरेच जण पोरं घेऊन आलेले. आमच्या भागात भारतीय घरं खूप, आणि त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एकच विषय: टीजे. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. प्रवेश परीक्षा देऊन जायची शाळा, देशात नाव असलेली. २०२० साली बोर्डाने ती परीक्षा रद्द केली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. पहिल्याच तुकडीत आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले होते. त्या वर्षी मे महिन्यात अपील कोर्टाने निकाल बोर्डाच्या बाजूने दिला होता आणि पालक सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावत होते. एरवी डोळे झाकून निळ्या कागदावर शिक्का मारणारी आमची मंडळी त्या दिवशी मतपत्रिका हातात घेऊन जरा थबकत होती. एका गृहस्थांनी मला हळूच हिंदीत विचारलं, "टीजे की परीक्षा वापस लानेवाले कौन हैं?" मी ठरलेलं उत्तर दिलं, "उमेदवारांबद्दल मला काहीही बोलता येत नाही." ते नाराज झाले. वरती निळं आणि खाली दुसरं असं मत देणारेही त्या दिवशी असणार. पण तो माझा अंदाज. कुणी काय केलं ते स्कॅनरला ठाऊक, आणि तोही नाव सांगत नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला खोली रिकामी झाली आणि तेवढ्यात त्या आल्या. नऊवारी नाही, पण जाडजूड स्वेटरखाली साधं पाचवारी, पायात लेकाचे असावेत असे मोठे बूट, हातात काठी. मुलगा गाडी लावायला गेला होता. मी ओळखपत्र बघितलं. इथे मतदाराने नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा असतो आणि आम्ही नाव परत उच्चारायचं असतं. मी त्यांचं नाव जसं उच्चारायला हवं तसं उच्चारलं आणि आजी एकदम खुलल्या.

"आपलीच आहेस की गं! कुठली?"

"साताऱ्याची, आजी."

"मी वाळव्याची."

झालं. पलीकडच्या टेबलावरून उपप्रमुख आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. आजींना मतपत्रिका दिली, गोल कसे भरायचे ते दाखवलं, आणि त्या आडोशाच्या टेबलाकडे गेल्या. दोन मिनिटांत काठी टेकत परत.

"हे बघ. वर पार्टी लिहिलीय, ते झालं माझं. हे शाळेचं आहे, इथं तीन निवडा म्हणतात. नुसती नावंच आहेत. ह्यात आपलं पॅनेल कुठलं गं?"

वाळवा तालुक्यातलं माणूस साखर कारखाना, सोसायटी, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका बघत म्हातारं होतं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण कुठलं पॅनेल कोणाचं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आजींना इथली व्यवस्था एका क्षणात कळली होती. मलाच ती कळली नाही असं दाखवायचं होतं.

"आजी, ते मला सांगता येत नाही."

"तुला म्हाईत नाही का सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

उपप्रमुख उठून आलेच. आम्ही दोघी कुठल्या भाषेत काय बोलतोय, हे विचारणं त्यांचं कामच होतं. मी प्रमुख बाईंनाही बोलावलं आणि दोघांसमोर शब्दशः इंग्रजीत सांगितलं: या मतदार विचारताहेत की स्कूल बोर्डाचे कोणते उमेदवार कुठल्या पक्षाचे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही तोंडपाठ होतं, आणि ते द्यायचं नाही हेही. शेवटी प्रमुख बाई म्हणाल्या, "बाहेरून काही कागद घेतला असेल तर तो बघायला त्यांना हरकत नाही. स्वतःसाठी बघायचा, कुणाला दाखवायचा नाही."

मी तसं सांगितलं. आजींनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि दोन कागद निघाले. दोन्ही रंगांचे. देणाऱ्याला नाही कशाला म्हणा, म्हणून दोघांकडून घेतलेले. त्या परत आडोशाला गेल्या, आणि मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले. पण आवाज आलाच.

"अगं, हे एक नाव ह्यावरबी नाही आणि त्यावरबी नाही. हा कोण?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. दिवसभरात शेकड्यांनी माणसं माझ्यासमोरून गेली. बऱ्याच जणांच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि बहुतेकांनी तो समोर ठेवून गोल उतरवून काढले असणार. त्यांना मी दोष देत नाही. बारा-पंधरा पदं, त्यात माती-पाणीवाले संचालक; नोकरी-संसार सांभाळून सगळ्यांची माहिती काढणार कोण? पक्षाचा कागद ही त्या माणसाची खरोखर सोय आहे. पण कुठल्याच कागदावर नसलेल्या माणसाविषयी 'हा कोण' असं विचारलं ते एकट्या आजींनी, तेही मतपत्रिकेवर पक्ष छापलेला नव्हता म्हणून. छापलेला असता तर त्या तिथवर पोचल्याच नसत्या.

आजी मतपत्रिका स्कॅनरमध्ये सरकवून आल्या. "तीन नाही, दोनच केली. चालतं नव्हं?"

"चालतं, आजी. तीनपर्यंत कितीही."

"ज्याचं काही कळत नाही त्याला उगाच कशाला द्यायचं?" तोवर मुलगा आला. दोघांनी 'मी मतदान केलं'चे स्टिकर घेतले. आजींनी नातवासाठी आणखी एक मागितला, मी दिला.

त्या गेल्यावर रिकाम्या खोलीत आमच्या दोन प्रमुखांची चर्चा रंगली, हीटर सोडून पहिल्यांदाच. आजोबांचं म्हणणं, छापून टाका एकदाचा पक्ष. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट लपवून म्हाताऱ्या बाईची कसली परीक्षा घेता? बाईंचं म्हणणं, आज शाळेच्या बसचा मार्गसुद्धा पक्षाच्या चष्म्यातून बघतात. छापलंत तर सुटायची आशाच गेली. हा वाद काही आमच्या खोलीपुरता नव्हता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात स्कूल बोर्डाच्या निवडणुका पक्षनिहाय कराव्यात यासाठी राज्यघटना दुरुस्तीवर मतदान झालं. निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले, पण तिथे ६० टक्के लागतात, म्हणून ते राहिलं. इंडियानाने २०२५ मध्ये कायदा करून उमेदवारांना मतपत्रिकेवर पक्ष लावायची वाट मोकळी केली. मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूची. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, कारण आजोबांच्या बोलण्यालाही माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

सहाच्या पुढे ऑफिस सुटलेल्यांची रांग लागली. त्यात माझी शेजारीण होती. केंद्र सरकारच्या एका खात्यात आकडेमोड करते. वर्षानुवर्षं बोर्डाच्या अंदाजपत्रकाची सुनावणी असली की ही हजर, आणि तक्ता चुकला असेल तर पान क्रमांकासकट सांगते. बोर्डावर असावं असं माणूस. त्या वर्षी उभी राहायचा तिने पुष्कळ विचार केला होता, सह्यांचे फॉर्मही आणले होते. पण केंद्राच्या नोकरांना १९३९ चा हॅच कायदा लागू. अपक्ष म्हणून उभं राहायला तिला मोकळीक होती. पक्षाचा पाठिंबा घेतला की नोकरीवर गदा. वॉशिंग्टनच्या उंबऱ्यावरची ही काउंटी, इथे केंद्राचे नोकर गल्लोगल्ली. शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये तर याच कारणाने पक्षाने स्कूल बोर्डासाठी पुरस्कार देणंच थांबवावं अशी मागणी झालेली आहे. हिने हिशोब केला आणि फॉर्म कपाटात ठेवले. कागदावर नाव नसलं तर कितवा नंबर लागतो, हे काढायला आकडेमोड येणाऱ्या बाईला फार वेळ लागत नाही. मी तिचं नाव परत उच्चारलं, मतपत्रिका दिली, एवढंच. रांगेत बाकी काही बोलायची सोयच नव्हती.

सातला दार बंद. स्कॅनरमधून पावतीसारखी लांब पट्टी निघते, ती दोघांनी मिळून वाचायची. प्रमुख बाई आकडे म्हणत गेल्या, आजोबा लिहीत गेले. सगळ्या काउंटीच्या तीन जागांचं आलं तेव्हा आजोबांचा पेन थांबला. प्रत्येकाला तीन मतं, म्हणजे एकूण मतपत्रिकांच्या तिप्पट मतं यायला हवीत, पण बेरीज त्याच्या पुष्कळ खाली. वर विधिमंडळाला जवळजवळ सगळ्यांनी मत दिलेलं, आणि इथे मोठी गळती. "मशीन बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. मशीन बरोबरच होतं. तिसरं मत न देणाऱ्या आजी एकट्या नव्हत्या.

नावांचा क्रम मात्र चोख होता. आधी एका कागदावरची तिन्ही, त्याखाली दुसऱ्या कागदावरची, आणि कुठल्याच कागदावर नसलेले खूप खाली. रात्री घरी पोचेपर्यंत काउंटीचा निकाल आलाच: बाराच्या बारा जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुरस्कृत उमेदवारांना. २०१९ ला तेच झालं होतं.

चार दिवसांनी शेजारीण कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटली. निकालाचा विषय निघाला, पण तिला त्यात रस नव्हता. तिला हवी होती ती निराळीच माहिती: पक्षाचा पुरस्कार नक्की ठरवतं कोण? मी सांगितलं, त्यांच्या स्थानिक समितीचे सदस्य. आधी प्रश्नावली भरून द्यायची, मग त्यांच्या सभेत मतदान. अकरा लाखांच्या काउंटीत त्या सभेला येणारी माणसं किती असतात, ते तिने विचारलं. सभागृहात मावतील एवढी, मी म्हटलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "पुढची निवडणूक २०२७ ला. त्याच्या आधी मी निवृत्त होते," ती म्हणाली. "त्या सभा बघायला कुणीही जाऊ शकतं का?"