आधी फॉलो, मग लीड : आमच्या क्लासची वाटचाल

2014 च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही नाचाचा क्लास सुरू केला. पहिल्या बॅचला सात जण आले, पाच मुलं आणि दोन मुली. नाच जोडीचा आणि जोड्याच लागेनात. मी एकेका मुलाला घेऊन गाणं पुरं करायची, माझे मिस्टर उरलेल्यांना भिंतीशी उभं करून टाळीवर आकडे मोजायला लावायचे. खालून खारी भाजल्याचा वास वर यायचा. त्या सातांपैकी दोघं आज आमच्याकडे शिकवतात.

मी स्वतः साल्सा हा जोडीचा लॅटिन नाच शिकले पुण्यात, 2009 साली, अकाउंट्सची नोकरी करता करता. दर शनिवारी सोशल असायचं. सोशल म्हणजे गाणी लागतात, कुणीही कुणाला विचारावं, एक गाणं नाचावं, आभार मानावेत आणि दुसरा जोडीदार बघावा. परीक्षक नाही, बसवलेलं काही नाही. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम तिथल्या सगळ्यांत चांगल्या नर्तकी, पण चांगल्या नाचणाऱ्यांबरोबर त्या क्वचितच दिसायच्या. खुर्चीवर बसून मोबाईल चाळणारा, पाण्याच्या जारजवळ उगाच घुटमळणारी, अशांपुढं त्या हात करायच्या. मलाही पहिल्या सोशलला त्यांनीच उठवलं. मी तीनदा त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त हळूहळू सगळं सोपं करत नेलं, इतकं की गाणं संपताना मला वाटलं, मला नाचता येतं. कोल्हापुरात परत येऊन क्लास काढायचं माझ्या डोक्यात आलं ते त्या चार मिनिटांमुळं.

इथं मात्र सुरुवातीची वर्षं पोटापाण्यातच गेली. सोशल डान्स शिकायला येणारे मोजके, आणि हॉलचं भाडं दर महिन्याला. मग शाळांची गॅदरिंगं घेतली, लग्नातली संगीतं घेतली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी श्वास घ्यायला फुरसत नसायची. एका मोठ्या लग्नाचे निम्मे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत, तरी एकूण हिशेब बरा होता. 2016 पर्यंत आमची ओळख संगीत बसवणारे लोक अशी झाली होती आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो.

एका शुक्रवारी आमच्याकडं संगीत बसवून गेलेलं एक जोडपं सोशलला आलं. लग्नात त्यांनी स्टेज गाजवलं होतं. गाणं लागलं आणि दोघं हातात हात धरून नुसतीच उभी राहिली. ती मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, आमचं गाणं लावा की." त्यांना दोन महिने शिकवून आम्ही एक गाणं पाठ करून घेतलं होतं. नाचायला शिकवलंच नव्हतं. त्या रात्री घरी आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. पुढच्या वर्षी संगीताची कामं निम्म्यावर आणली. मिळकत घसरली, पण तो निर्णय आम्ही कधी फिरवला नाही.

शिकवायचं कसं, हे मग नव्यानं शिकावं लागलं. त्या काळात ज्यांनी मला दुरून हात दिला त्यांतले पहिले साल्साचे शिक्षक एडी टोरेस. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीत वाढलेला हा माणूस क्लबमध्ये बघून बघून, कानानं नाच शिकला. ताल अंगात होता, पण दुसऱ्याला सांगता येत नव्हता. जून लाबेर्टा नावाच्या बॉलरूम शिक्षिकेनं त्यांना ठेका मोजायला लावलं, आपण नेमकं काय करतो ते शब्दांत मांडायला लावलं. पुढं ते लॅटिन संगीतातले नामांकित वादक टिटो प्युएंटे यांच्या वाद्यवृंदाबरोबर नाचले आणि आज जगभर 'ऑन टू' म्हणून जो साल्सा शिकवतात, त्याचा पाठ त्यांनी घालून दिला. मला यात सगळ्यांत मोठी वाटते ती लाबेर्टाबाई. समोरच्याला येतंय, पण कशामुळं येतंय हे त्याला कळत नाही, अशी मुलं माझ्याकडंही होती.

त्यांतला एक कागलचा, घरात ढोलकीची परंपरा. साल्साच्या आठ आकड्यांत तो सारखा अडायचा. 'ऑन टू'मध्ये पावलं पडतात एक, दोन, तीन आणि पाच, सहा, सात वर. चार आणि आठ मोकळे. दिशा बदलते ती दोनवर आणि सहावर. फळ्यावर लिहून झालं, टाळ्या वाजवून झाल्या, उपयोग शून्य. शेवटी मी म्हटलं, केरवा म्हण. धा गे न ति, न क धि न. आठ मात्रा त्याच्या बोटांत होत्याच. 'गे'वर आणि 'क'वर वळायचं, एवढंच सांगितलं. त्यानं एकदा तोंडानं बोल म्हटले आणि दुसऱ्या फेरीत पाय बरोबर पडायला लागले. साल्साचा क्यूबातून आलेला ताल आणि आपला केरवा एक नाही, जोर वेगळ्या ठिकाणी येतो, हे मी नंतर सांगतेच. पण दार उघडायला ती किल्ली चालते. आज आमच्या प्रत्येक नव्या बॅचचा पहिला तास केरव्यानं सुरू होतो.

दुसरी गोष्ट आम्हाला एका पैलवानानं शिकवली. मंगळवार पेठेतल्या तालमीत घडलेला, गुडघ्याच्या दुखापतीनं कुस्ती सुटलेला. बायकोच्या आग्रहानं आला होता. हात धरला की समोरची व्यक्ती हललीच पाहिजे, अशी ताकद. मुली त्याच्याबरोबर नाचायला कचरायच्या आणि ते त्याच्या लक्षात यायचं. मी त्याला बाजूला घेऊन अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसच्या जुन्या टँगोवाल्यांबद्दल सांगितलं. टँगो हाही जोडीचाच नाच. तिथं तरुण पोरं आधी पुरुषांच्याच सरावात जायची, महिनोन्‌महिने बाईची बाजू नाचायची, दुसऱ्यानं नेलं तसं जायची, म्हणजे फॉलो करायची. त्यानंतर कुठं त्यांना लीड करायला, म्हणजे जोडीदाराला न्यायला मिळायचं, आणि खऱ्या मैफलीत बाईला विचारायला जाण्याची वेळ त्याच्याही नंतर. तो लगेच म्हणाला, "आमच्यातबी वस्ताद आधी पडायलाच शिकवत्यात. पडायचं कसं कळलं, की पाडायचं कळतंय." पुढचे तीन महिने तो फक्त फॉलो करत होता. चारचौघांत, न लाजता. त्याचा हात इतका हलका झाला की नव्या मुली आता आपणहून त्याला विचारतात. तेव्हापासून आमचा नियम आहे, मुलगा असो की मुलगी, पहिले तीन महिने फॉलो. काही जण यावर क्लास सोडून जातात. जाऊ देतो.

पालकांशी बोलणं हा आमच्या कामाचा मोठा भाग होता, अजूनही आहे. पहिल्याच वर्षी एका मुलीचे वडील येऊन दारात उभे राहिले. "पोरगी परक्या पोराचा हात धरून नाचणार व्हय?" त्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. मी त्यांना खुर्ची दिली आणि पूर्ण तास बघा म्हटलं. आमच्याकडं दार उघडं असतं, दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो, नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, आणि ज्याला नाही म्हटलंय त्यानं हसून पुढं जायचं. तासाच्या शेवटी ते एवढंच म्हणाले, "शिस्त हाय." ती मुलगी चार वर्षं आली.

प्रत्येक नाचाच्या आधी जोडीदाराला वाकून नमस्कार करायची आमची रीत आहे. ती आम्ही घेतली अमेरिकेतले लिंडी हॉपचे नर्तक फ्रँकी मॅनिंग यांच्याकडून, कारण समोरची जोडीदार राणी आहे असं समजून नाचा, हे ते सगळ्यांना शिकवायचे. त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. जन्म 1914 चा, वाढले न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत. 1926 साली तिथं सॅव्हॉय बॉलरूम हा नाचाचा मोठा हॉल उघडला, आणि काळे-गोरे एकाच फरशीवर नाचू शकतील अशा त्या काळच्या अमेरिकेतल्या मोजक्या जागांपैकी तो एक. तिथं लिंडी हॉप, म्हणजे जॅझच्या स्विंग संगीतावरचा जोडीचा नाच, बहरला. 1935 मध्ये एका स्पर्धेत फ्रँकींनी फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीला पाठीवरून उलटं घेऊन पलीकडं उतरवलं. लिंडी हॉपमधली हवेतली पहिली स्टेप म्हणून ती ओळखली जाते. मग महायुद्ध आलं, फ्रँकी सैन्यात गेले. परतले तेव्हा लोकांची आवड बदलत चालली होती. स्वतःचा संच काढला, काही वर्षं चालवला, आणि 1955 साली पोस्टात नोकरी धरली. तीस वर्षं. 1986 मध्ये एरिन स्टीव्हन्स आणि तिचा जोडीदार त्यांना शोधत आले, शिकवा म्हणाले. तेव्हा त्यांचं वय 72. पुढं स्वीडनपासून जगभर त्यांनी शिकवलं, 1989 मध्ये नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी पुरस्कार मिळाला, आणि 2009 मध्ये, पंच्याण्णवावा वाढदिवस महिन्यावर असताना गेले. त्यांच्याच पिढीच्या नॉर्मा मिलर. लहानपणी घरामागच्या लोखंडी जिन्यावरून सॅव्हॉयच्या खिडक्यांतला नाच बघत शिकलेल्या. त्या 99 वर्षं जगल्या, 2019 पर्यंत.

2019 हे साल आम्ही वेगळ्या कारणानंही विसरत नाही. आदल्या वर्षी आम्ही शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावर मोठा हॉल घेतला होता आणि कर्ज काढून लाकडी फ्लोअर टाकला होता. ऑगस्टच्या महापुरात तो पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर फळ्या फुगून मधोमध उंचवटा झालेला, त्यावर बोटभर गाळ. पैलवान आणि त्याचे मित्र सकाळी सहाला फावडी घेऊन हजर होते, मी कुणाला फोनही केला नव्हता. फ्लोअर काही वाचला नाही. कर्ज मात्र 2023 पर्यंत फेडत होतो. मध्ये कोरोना आला, आणि आमचा तर हात धरण्याचाच व्यवसाय. ती दोन वर्षं ऑनलाइन एकेकट्याच्या पावलांवर निघाली.

आता परत राजारामपुरीत आहोत, पहिल्या मजल्यावर, खाली साधी कोटा फरशी. त्या फरशीवर रबरी तळाचे बूट अडकतात. अंग वळतं, पाय तिथंच राहतो आणि गुडघा जातो. बाहेरून डान्स शूज मागवणं सगळ्यांना परवडत नाही. पण आपण कोल्हापुरात राहतो. चप्पल लाईनमधल्या एका कारागिराला मी बूट नेऊन दाखवले. त्यांनी मला फरशीवर दोन गिरक्या घ्यायला लावल्या, खाली वाकून माझ्या टाचा बघितल्या, मग साध्या कॅनव्हासच्या बुटाला पातळ चामडं लावून दिलं, खरखरीत बाजू खाली करून. पहिल्या जोडाला फारच घसरत होतं, तर त्यांनी पुढच्या वेळी चवड्याखालीच चामडं ठेवलं आणि टाचेचं रबर राहू दिलं. आमचे सगळे विद्यार्थी आता तसेच बूट घालतात.

लिंडी हॉप शिकवायला घेतला तेव्हा एक गोष्ट मुलांना सांगून कळेना. स्विंगआउट या त्यातल्या स्टेपमध्ये दोघं एकमेकांपासून लांब जातात, हात ताणतो, आणि त्या ताणावरच परत यायचं असतं. मुलं एक तर हात खेचायची, नाही तर सैल सोडायची. माझी आजी पन्हाळा तालुक्यातली, त्या दिवशी आमच्याकडं आलेली. ती कोपऱ्यात बसून बघत होती. उठली, एका मुलीचे दोन्ही हात तिढा घालून धरले, पायाला पाय लावले आणि म्हणाली, "मागं रेल. पडशील असं वाटंल तवर रेल. मी हाय की." आणि फुगडी धरली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर ती मुलगी थांबली, धापा टाकत म्हणाली, "मॅडम, कळलं." त्या दिवशी सगळ्या बॅचनं आधी फुगडी घातली, मुलांनीसुद्धा, आणि मग स्विंगआउट.

26 मे हा फ्रँकींचा जन्मदिवस जगभरचे लिंडी हॉपवाले साजरा करतात. आम्हीही करतो. संध्याकाळी सहाला फुगडी आणि झिम्म्यानं सुरुवात, मग सोशल. आजी आता नाचत नाही, गुडघ्यांनी साथ सोडली. दाराजवळच्या खुर्चीवर बसते, आणि कुणी एकटं भिंतीशी उभं दिसलं की मला हाक मारते, "ए, ते पोरगं बघ तिकडं. उठीव त्याला."