टाळूवरचा अंबाडा

बाईंचं वय साधारण एकोणीसशे वर्षं. पेटीतून उचलताना मी नेहमीसारखं "या, बाई" म्हटलं. इथे मराठी कुणाला कळत नाही, त्यामुळे वस्तूंशी मी मराठीतच बोलते.

युरोपातल्या एका लहानशा संग्रहालयात मी संवर्धक आहे, म्हणजे जुन्या वस्तूंची निगा आणि डागडुजी. रोमन अमलाखालच्या इजिप्तवर प्रदर्शन व्हायचं होतं आणि त्यातल्या प्लास्टरच्या एका मुखवट्याची तब्येत तपासून अहवाल द्यायचा होता. अर्ध्या दिवसाचं काम.

इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेला, तरी ममी करायचं थांबलं नाही. बदलला तो वरचा चेहरा. फायूमकडे, हवाराला वगैरे, पातळ फळीवर मेणात कालवलेल्या रंगांनी चेहरा रंगवत आणि फळी ममीच्या पट्ट्यांत बसवत. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाला 1888 पासून तिथे सापडलेली ती चित्रं तुम्ही कुठेतरी पाहिलेली असतील. मध्य इजिप्तमध्ये, तूना अल-गबलच्या बाजूला, प्लास्टरचे मुखवटे करत. त्यांच्यापुढे कुणी फारसं थांबत नाही. मला मात्र ते जास्त जवळचे, आणि त्याला कारण माझे मामा.

मामांचा पेणला गणपतीचा कारखाना. माझ्या शाळेच्या सुट्ट्या तिथेच गेल्या. बाईंना मऊ उशीवर पालथं ठेवून आत टॉर्च मारला, तर बोटांनी दाबल्याचे खळगे दिसले. नाकाच्या मागे सगळ्यात खोल. तो अंगठा. साच्यात शाडू भरताना मामा नाकापाशी अंगठा असाच दाबून फिरवतात, नाहीतर शेंडा भरत नाही. या मुखवट्यांचंही तंत्र तेच: चेहरा साच्यातून काढायचा आणि कान, केस, दाढी ओल्या प्लास्टरने वरून चढवायची. डोळ्यांना कधी काच, कधी नुसता रंग. आमच्या बाईंना काच होती, डावीकडची तडकलेली. डोळ्यांची आखणी इतकी सफाईदार, की मामांनी मान डोलावली असती. पण साचा एकच असला, की सावित्रीची सरस्वती होते ती केसांमुळे. हुबेहूब चेहरा म्हणून याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा साचा आठवावा.

मुखवट्याचा काळही बराचसा केसांवरूनच ठरवतात, कारण रोमच्या राजघराण्यातल्या बायकांची केशरचना तिकडच्या बायका उचलत. कपाळावर कुरळ्या बटांची उंच कमान असली तर फ्लेवियन या राजघराण्याचा काळ, इ.स. 69 ते 96. वेण्यांचं वेटोळं पागोट्यासारखं टाळूवर असलं तर सम्राट हेड्रियनच्या आसपास, 117 ते 138. (त्याला मी अंबाडा म्हणते. मानेवर नसला तरी दुसरा शब्द सुचत नाही.) आमच्या बाईंकडे दोन्ही होतं. जुन्या फाइलमध्ये त्यावर शेरा होता, की प्रांतात फॅशन उशिरा पोचते आणि उशिरा जाते. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता.

दुपारी अंधार करून अतिनील दिवा लावला. ओठ आणि गाल नारिंगी-गुलाबी उजळले. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून केलेला रंग असाच उजळतो. दिवा वर नेला आणि अंबाड्याच्या बुडाशी एक भगवी रेघ पेटली. शेलॅक, म्हणजे आपली लाख. जुन्या दुरुस्त्यांत ती चिकटवायला सर्रास वापरलेली असते.

नुसतं चिकटवलेलं असतं तर बिघडत नव्हतं. तुटलं असेल, जोडलं असेल. पण भिंगाखाली पाहिलं तर दोन्ही कडा कानशीने घासून सपाट केलेल्या. तुटलेल्या जागा एकमेकींत बसतात, त्यांना घासावं लागत नाही. मग कॅमेरा लावला. इजिप्शियन निळा रंग साध्या उजेडात अवरक्त किरण फेकतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण योग्य फिल्टर लावला की त्या रंगाचा कणन्‌कण फोटोत पांढरा चमकतो. अंबाड्याच्या काळ्या रंगात चांदणं पडल्यासारखे ठिपके. कपाळावरच्या बटांत एकही नाही.

म्हणजे बटा एका मुखवट्याच्या, अंबाडा दुसऱ्याचा. कधीतरी कुण्या व्यापाऱ्याने दोन फुटक्यांतून एक धड बाई केली होती. धड बाईला गिऱ्हाईक मिळतं.

प्रदर्शन लावणारी सहकारी आली, स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोस्टर छापून झालंय." पोस्टरवर अंबाडाच होता, मोठ्ठा.

ती म्हणत होती काढून टाकू. मी नको म्हटलं. मुरलेली लाख दगडासारखी होते, सोडवताना कडेचा मूळ रंग उडाला असता. शेवटी अंबाडा राहिला आणि पाटी बदलली. 117–138 च्या जागी "पहिल्या शतकाची अखेर" आलं आणि खाली एक ओळ, की टाळूवरचा भाग दुसऱ्या मुखवट्याचा आहे. ही ओळ किती बारीक टाइपात असावी यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो.

रात्री मामांना फोन केला. ते अंगठ्यावरच अडकले.

"नाकामागे? नक्की?"

"नक्की, मामा. माझा अंगठा बरोब्बर बसला. हातमोज्यासकट."

मग अंबाड्याचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते.

"म्हणजे कुठेतरी दुसरी एक बाई बोडकी पडलीय की गं."

फोन ठेवल्यावर मी इतर संग्रहालयांच्या ऑनलाइन याद्या उघडल्या. दीड वाजेपर्यंत टाळू फुटलेल्या अकरा बाया निघाल्या. तिघींची मापं मागवली आहेत.