आमची वाटचाल : एक टाकी, तीन गाड्या

मागच्या महिन्यात गोवावेसला सिग्नलला थांबलो होतो, पुढं एक व्हॅन, पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बेळगावातील पहिली व्हॅनसहित कार्पेट क्लीनिंग सेवा. ती गाडी कुणाची हे मला माहीत आहे, नाव लिहित नाही, चार वर्षं माझ्याच हाताखाली काम केलेला पोरगा आहे. पहिली कोण, गाडीत पाणी घेऊन फिरायची पद्धत कुणी बसवली, त्यासाठी काय काय भोगलं हे एकदा लिहून ठेवावं असं त्याच दिवशी ठरवलं. या लाईनमध्ये नवीन येणाऱ्यांना गाडी घेताना उपयोगही होईल.

सुरुवात २००९ ची. माझ्याकडं एक सिंगल डिस्क मशीन, म्हणजे गोल ब्रशनं घासायचं, एक वेट अँड ड्राय व्हॅक्यूम आणि बजाजची एम-एटी दुचाकी. मशीन पाठीमागं बांधायचं, व्हॅक्यूम पायात, ब्रश आणि शाम्पूचा कॅन हँडलला. टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, जिथं सोफा-कार्पेट मिळेल तिथं. आणि पहिल्या दिवसापासून एकच अडचण, पाणी. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही पण बेळगावात कितीतरी गल्ल्यांत चार-पाच दिवसांनी नळ येतो, राकसकोपचं धरण भरलेलं असलं तरी. घरात जाऊन तुम्ही पन्नास-साठ लिटर पाणी मागितलं की घरच्या बाईचं तोंड उतरतं, आणि ते बरोबरच आहे. बोअरचं पाणी देतात ते जड, वाळल्यावर लोकर कडक होते. म्हणजे पाणी आपलं आपण न्यायला पाहिजे, आणि पाणी न्यायचं म्हणजे गाडी. आमच्या धंद्यात गाडी ही मशीन न्यायला लागत नाही ओ, पाणी न्यायला लागते. हे लक्षात यायला लोकांना वर्षं जातात.

२०११ ला सेकंडहँड मारुती ओम्नी घेतली. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली, मागं सगळा सपाट फ्लोअर, दोन्ही बाजूला सरकती दारं. अरुंद गल्लीत सरकत्या दारासारखं सुख नाही, भिंतीला घासून गाडी लावली तरी मशीन उतरतं. मागं दोन बॅरल ठेवले, शंभर-शंभर लिटरचे, दोरीनं बांधून. दुसऱ्या वर्षी गोव्याला एका हॉटेलचं काम करून चोर्ला घाटातनं वर येत होतो, बॅरल अर्धे भरलेले. भरलेला बॅरल गप्प बसतो, अर्धा भरलेला बसत नाही, आतलं पाणी वळणावर एका अंगाला जातं आणि गाडीला ओढतं. कणकुंबीच्या अलीकडं एका वळणावर बॅरल आडवा झाला, दोरी तुटली, गाडी दोन चाकांवर आली असं मला वाटलं, बाजूला बसलेले दाजी म्हणाले आलीच होती. कठड्याच्या अलीकडं थांबलो. दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, माझे पार्टनर. उद्यमबागला फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. त्या रात्री घरी आल्यावर जेवायच्या आधी वहीच्या पानावर चित्र काढलं आणि पंधरा दिवसांत टाकी बनवून आणली. स्टेनलेसची, दीडशे लिटरची, उंचीला कमी, रुंदीला गाडीएवढी. आत तीन आडवे पत्रे, प्रत्येक पत्र्याला खाली-वर भोकं, म्हणजे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं पण एकदम लोळत नाही. टाकी सीटच्या मागं लगेच, चाकाच्या मागं अजिबात नाही, खालून लोखंडी पट्टी देऊन बोल्टनं आवळलेली. कोपऱ्यातलं वेल्डिंग त्यांनी हातानं इतकं घासलंय की बोट फिरवलं तर शिवण लागत नाही. शेजारी दुसरी टाकी, घाण पाण्याची, कारण कुणाच्या अंगणात काळं पाणी ओतून यायचं नाही हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. यात एक गोष्ट आहे, जाताना जेवढं पाणी नेता त्यातलं बरंचसं येताना परत आणता, फक्त काळं होऊन. त्यामुळं गाडीचं वजन परतीला कमी होईल असा हिशोब कधी धरू नका. पाण्याचा लिटरला एक किलो, हे शाळेतलं गणित आहे पण गाडी घेताना कुणालाच आठवत नाही.

त्या टाकीवर आम्ही सहा वर्षं काढली. लग्नसराईत मंगल कार्यालयं, डिसेंबरला अधिवेशन बेळगावात असलं की हॉटेलं, खानापूर, संकेश्वर, निपाणीपर्यंत. बरं चाललं होतं.

आणि बरं चाललं होतं म्हणूनच चूक केली. २०१८ च्या दिवाळीला मला मोठी गाडी पाहिजे झाली. कोल्हापुरातनं एक उंच टपाची व्हॅन मिळाली, एमएच ०९ पासिंग, स्वस्तात. कुठली कंपनी ते सांगत नाही, गाडीचा दोष नव्हताच. दाजी नको म्हणत होते. "पाव्हणं, टाकीला आधी जागा बघा, मग गाडी बघा," असं तीनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. सोसायटीचं कर्ज काढलं, मंडळींच्या पाटल्या तारण ठेवल्या. गाडी मोठी म्हणून टाकी पण मोठी, तीनशे लिटरची, बाहेरनं करून घेतली, आणि बाजूच्या दारात मशीन ठेवायला जागा पाहिजे म्हणून ती टाकी पार मागं, मागच्या चाकाच्याही मागं बसवली. तीनशे किलो शेपटावर. पुढचं अंग हलकं झालं, चढाला स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं लागायचं. जूनमध्ये जांबोटीच्या पुढं मागच्या स्प्रिंगचे पाटे तुटले.

पासिंगचं तर आणखी वेगळं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवायची तर तिकडची एनओसी, इकडचं नवीन रजिस्ट्रेशन, इकडचा टॅक्स. आणि एनओसी कधी मिळते, जुन्या मालकाच्या फायनान्सचा बोजा उतरला असेल तर. तो उतरलेला नव्हता. आरसी बुकाच्या मागच्या बाजूला सरळ लिहिलेलं होतं आणि मी ते पान वाचलं नव्हतं. सीमाभागात राहणाऱ्या प्रत्येकाला कोल्हापूरची स्वस्त गाडी खुणावते. घ्या, घेऊ नका असं नाही, पण बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

२०१९ चा ऑगस्ट बेळगावचा कुणीच विसरणार नाही. आमची गाडी कोल्हापूरला, पाटे बदलायला आणि एनओसीच्या मागं. वर असा पाऊस लागला की निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद. इकडं बेळगावात घराघरात पाणी शिरलेलं. फोन वाजायचा थांबेना. आमच्या धंद्यात असा आठवडा आयुष्यात एकदा येतो, लोकांचे गालिचे भिजलेत आणि भिजलेला गालिचा एक-दोन दिवसांत पाणी ओढून ब्लोअरखाली वाळवला नाही तर बुरशी धरते, खालचं बॅकिंग तागाचं असेल तर तपकिरी डाग वर येतात आणि मग ते सहजासहजी जात नाहीत. प्रत्येकाला आजच पाहिजे. आणि आमची गाडी पाण्याच्या पलीकडं.

सुरुवातीला सांगितलेला तो व्हॅनवाला पोरगा जुलैमध्येच काम सोडून गेला होता. आईला बरं नाही म्हणून गेला. गेल्यावर लक्षात आलं की गिऱ्हाईकांची वही नाही. दहा वर्षांची वही, कुणाच्या घरी किती बाय कितीचं कार्पेट, लोकर का नायलॉन, कुठला रंग सुटतो, कुठं कुत्रं आहे, सगळं माझ्या अक्षरात. त्या ऑगस्टमध्ये त्यानं भाड्याची व्हॅन घेतली, त्यात बॅरल टाकले आणि माझ्या वहीतली घरं एकेक करत गेला. आमचा रेट स्क्वेअर फुटाला बारा होता, त्यानं सहा लावला. लोकांना वाटलं आमचाच माणूस आहे. काहीजणांनी मला नंतर सांगितलं की त्यानं तसंच सांगितलं होतं. धंद्यात कुणी स्वतंत्र होऊ नये असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः दुसऱ्याकडं शिकूनच उभा राहिलो, पण शिकवलेल्या माणसाची वही उचलून नाही. याचं दुःख आज पण आहे आणि मी ते लपवत नाही.

एका घरात त्याला दार उघडलं नाही. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहणाऱ्या काकू. २००९ पासूनचं माझं पहिलं कायमचं गिऱ्हाईक. त्यांच्याकडं काश्मिरी लोकरीचा गालिचा आहे, नऊ बाय सहा, त्यांच्या मिस्टरांनी नोकरीत असताना आणलेला, गडद लाल, कडेला निळी वेल. तो लाल रंग गरम पाण्याला सुटतो. दरवेळी एका कोपऱ्याला ओलं पांढरं फडकं दाबून बघायचं, फडक्याला गुलाबी आलं की पाणी थंडच ठेवायचं, शाम्पू लोकरीचाच, सोडा अजिबात नाही. त्या आठवड्यात व्हरांड्यातनं पाणी हॉलमध्ये आलं, काकूंनी कामवालीला हाताशी घेऊन गालिचा उचलून झोपाळ्यावर टाकला आणि मला फोन केला. मी म्हणालो, काकू, गाडी नाही माझ्याकडं, दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घ्या, थांबलात तर खराब होईल. त्या म्हणाल्या, "गाडी नसंल तर रिक्षानं ये. दुसऱ्याच्या हातात मी हा देणार नाही."

रिक्षानं गेलो. एक्स्ट्रॅक्शन मशीन, म्हणजे गालिच्यातलं पाणी ओढून घेणारं, मांडीवर, ब्लोअर पायात, दाजी मागच्या रिक्षात होज आणि एक्स्टेंशन घेऊन. रेल्वे गेट पडलेलं, पाऊस, पंचवीस मिनिटं थांबलो. मशीनच्या टाकीत एक थेंब नवीन पाणी घातलं नाही, नुसतं ओढलं. वँड, म्हणजे पाणी ओढायची दांडी, दोन्ही हातांनी दाबून लोकरीच्या लवीच्या दिशेनं हळूहळू मागं घ्यायची, नळीच्या काचेतनं बघायचं, काळं पाणी, मग गढूळ, मग नुसते थेंब. झोपाळ्याच्या कड्यांना बांबू बांधून त्यावर गालिचा टाकला आणि खालनं ब्लोअर. रात्री अकराला हात लावला तर मुळापर्यंत कोरडा. लाल रंग निळ्या वेलीत कुठंच उतरला नव्हता. काकूंनी पैसे विचारले नाहीत, कपाटातनं काढले आणि मोजलेही नाहीत. ते पैसे दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हप्त्याला गेले.

मोठी गाडी डिसेंबरला मोडीच्या भावात गेली. मार्चला लॉकडाऊन, मंगल कार्यालयं बंद, हॉटेलं बंद. दीड वर्ष काय केलं ते लिहित नाही, जगलो.

२०२१ ला परत गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी दाजींना म्हणालो, तुम्ही सांगाल ती. ओम्नी तर २०१९ लाच बंद झालेली. दाजी शोरूमला येताना एक नऊ फुटी पीव्हीसी पाईप, टेप आणि खडू घेऊन आले. पाईप म्हणजे गुंडाळलेला गालिचा. सेल्समन बघत राहिला. पाईप मारुती ईकोच्या मागच्या दारातनं आत घातला, बराच बाहेर राहिला. दाजी म्हणाले, "ठरलं. मोठा गालिचा न्यायचा नाही. घरातच धुवायचा. न्यावाच लागला तर त्या दिवसापुरता छोटा हत्ती भाड्यानं." हा निर्णय ऐकायला साधा आहे पण आमचा निम्मा धंदा त्यात आहे. गालिचा नेणारी गाडी आणि पाणी नेणारी गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत, एकीत दोन्ही करायला गेलो म्हणून मी बुडालो होतो. मग खडूनं फ्लोअरवर टाकीची जागा आखली, सीटच्या मागं लगेच. ईकोला पण इंजिन पुढच्या सीटखालीच आणि ओढ मागच्या चाकांना, वजन मधोमध ठेवलं तर चढाला चाक जागेवर फिरत नाही.

पिवळ्या पाटीचीच, म्हणजे धंद्याच्या रजिस्ट्रेशनची घेतली. पहिली ओम्नी पांढऱ्या पाटीची होती, तेव्हा कळत नव्हतं. धंद्याला पांढरी पाटी वापरू नका, अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो. आणि पिवळ्या पाटीला घाबरायचं कारण नाही, एकूण वजन ३००० किलोच्या आतल्या मालाच्या गाडीला परमिट लागत नाही, चंदगडला जा, सावंतवाडीला जा. फक्त फिटनेसची तारीख चुकवू नका.

टाकी नवीन करायची गरज पडली नाही. ओम्नीतली दीडशे लिटरची टाकी दाजींनी तीन वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली होती. मी मोठी गाडी घेतली तेव्हा ती भंगारात घालू या म्हणालो होतो. ते काही बोलले नाहीत, नुसती ताडपत्री टाकली. बाहेर काढून धुतली, पट्ट्या ईकोच्या मापाच्या केल्या, बोल्ट नवीन. एक सल्ला राहिला, एक्स्टेंशनची वायर अडीच एमएमचीच घ्या, सोळा अँपिअरच्या प्लगची, आणि भेंडोळं पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर तापते आणि गालिच्यावर ठेवली तर काय होतं ते सांगायला नको.

गाडीवर काय लिहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिलं, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे आणि फोन दोन्ही भाषांत घेतो. २०२२ च्या डिसेंबरला सीमाप्रश्न तापला, हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा कोल्हापूरची दोन कामं पुढं ढकलली आणि गाडी दारातच ठेवली. केए पासिंग तिकडं नको आणि मराठी अक्षरं इकडं नको, अशा दिवसात आमच्यासारख्यांनी जायचं कुठं.

काकूंकडं दरवर्षी दिवाळीच्या आधी जातो. या वर्षी गेलो तर फाटकातनं गाडी आत घ्यायला सांगितली, वर कमान आहे, उंच टपाची गाडी त्या कमानीखालनं कधीच गेली नसती. ईको गेली. काकू खुर्ची टाकून बसल्या, दाजींनी टाकीचा नळ उघडला, मी कोपऱ्याला पांढरं फडकं दाबलं. अजून गुलाबी येतं.