गांडूळखताचा डबा: आधी बेड, मग खाणं

घरच्या बागेसाठी गांडूळखत करायचं ठरवलं, तेव्हा ‘माती उकर आणि सापडतील ती गांडुळं डब्यात टाक’ असा सल्ला मिळाला. पण मातीत खोल बिळं करणारी गांडुळं डब्यात रमत नाहीत. इथे हवीत ती कुजणाऱ्या पाल्यात, वरच्या थरात राहणारी, लालसर आणि बारीक. ‘आयसेनिया फेटिडा’ ही त्यातली सर्वाधिक वापरातली जात. मी तीच आणली.

बेड मात्र गांडुळं आणण्याआधीच तयार ठेवला होता. भोकं पाडलेल्या डब्यात पुठ्ठ्याचे ओले तुकडे, वाळका पाला आणि थोडं जुनं शेणखत. मुठीत घेऊन दाबलं की एखाद-दुसरा थेंब सुटावा, धार लागू नये. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, त्यामुळे बेड कोरडा पडला तर ते जगत नाही. पाणी साचलं तर आतली हवा संपते आणि आंबूस वास सुटतो. वास आला की मी खाणं थांबवते, कोरडा पुठ्ठा मिसळते आणि बेड हलक्या हाताने मोकळा करते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

खाण्याचं म्हणाल, तर गांडुळाला दात नसतात. कुजून मऊ झालेला कचरा ते त्यावरच्या जिवाणू-बुरशीसकट गिळतं. म्हणून भाज्यांची सालं बारीक चिरून एका कोपऱ्यात पुरायची, वर पाला पसरायचा आणि आधीचं संपेपर्यंत नवं घालायचं नाही. ओला कचरा ढिगाने टाकला तर कुजताना तापतो. गांडुळांना साधारण 15 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. 35 च्या पुढे ती दगावू लागतात. डबा सावलीतच हवा. तेलकट, खारट, दुधाचं काही मी घालत नाही. अंड्याची कवचं मात्र कुटून जरूर घालते, त्याने आंबटपणा आटोक्यात राहतो.

बेडमध्ये लिंबाच्या आकाराचे इवलेसे पिवळसर कोष दिसले, तेव्हा फार आनंद झाला. एका कोषातून बहुधा एकाहून जास्त पिल्लं निघतात. आपल्या डब्यात ती सुखाने नांदताहेत, याची याहून चांगली खूण नाही.

खत काढताना उजेड कामी येतो. काळं, भुसभुशीत खत कागदावर छोट्या ढिगांत ठेवलं की गांडुळं तळाशी जातात; वरचा थर उचलायचा, थोडं थांबायचं, पुन्हा उचलायचा. कोष त्या वरच्या थरातही राहतात, म्हणून खत चाळते आणि जाळीवर उरलेलं सगळं परत बेडमध्ये टाकते. कुंडीत चार भाग मातीला एक भाग खत.