मंगळवार रात्र म्हणजे नेमकी कुठली?

बुधवारी सकाळी साडेनऊला सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीत पोचायचं होतं, तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आमच्या कंपनीचं मशीन दोन दिवस बंद पडलेलं आणि त्यांचा माल अडकलेला. मी फॉर्मवर लिहिलं 'मंगळवार रात्र, सिद्धेश्वर'. ट्रॅव्हल डेस्कच्या मुलानं मंगळवारचंच तिकीट काढलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईहून रात्री उशिरा निघते, पुण्यात येते ती बारा वाजून गेल्यावर, म्हणजे पुण्याच्या माणसासाठी तारीख बदललेली असते. आम्ही पुण्याहून चढणार, म्हणजे आम्हाला बुधवारचं तिकीट हवं होतं. तिकीट शुक्रवारीच व्हॉट्सॲपवर आलेलं पण मी फक्त बर्थ नंबर बघितला.

गाडी आली, मी आणि देशपांडे टूलबॉक्स घेऊन चढलो तर आमच्या बर्थवर एक आजोबा चादर डोक्यावरून घेऊन गाढ झोपलेले. देशपांडेनी हळूच हाक मारली, ते बिचारे उठले, उशाखालून घडी केलेलं तिकीट काढून दाखवलं, गाडी आजचीच, बर्थ तोच! तेवढ्यात टीसी आले, माझ्या मोबाईलवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, तुमची गाडी काल गेली." आजोबांची माफी मागून आम्ही खाली उतरलो आणि गाडी हललीच. त्यांची झोपमोड केली याचं मला अजून वाईट वाटतं.

मग रिक्षानं स्वारगेट, तिथे सोलापूरची जी एसटी मिळाली ती पकडली. टूलबॉक्स पायात, हडपसर, यवत, पाटस कधी गेलं कळलं नाही. भिगवणच्या पुढे फटफटलं तेव्हा उजनीचं पाणी दिसलं, एकदम शांत, आणि पहिल्यांदा जरा जिवात जीव आला. टेंभुर्णीला चहा घेतला, तोवर कारखान्याच्या मालकांना फोन करून खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "या सावकाश, आधी जेवा, मग मशीन." पोचल्यावर खरंच कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर ठेवली. मशीन चार वाजता सुरू झालं.

डेस्कच्या मुलावर कोणी ओरडू नये म्हणून मी मॅनेजरना आधीच सांगितलं, फॉर्मवर मीच नीट लिहिलं नव्हतं. आता तो रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायच्या आधी फोन करतो, "दादा, झोपायच्या आधीची रात्र का नंतरची?"

परतीचं तिकीट मात्र मी स्टेशनवर बसून दोनदा वाचलं. सोलापूरहून सिद्धेश्वर बाराच्या आतच सुटते, तारीख बरोबर होती.