हनुवटी छातीला

"अगं, पण ही कुस्ती नुरा असते ना? निकाल आधीच ठरलेला. मग दोन पानं भरून लिहायचं काय त्यात?"

संपादकांचा फोन सकाळीच आला आणि मजकूर संध्याकाळी द्यायचा होता. मी एका मासिकासाठी चित्रकथांची परीक्षणं लिहिते. अलीकडे त्यात वेबकॉमिक्सच जास्त. त्या महिन्यात घेतलं होतं एका अमेरिकन चित्रकर्तीचं इंग्रजी वेबकॉमिक, बायकांच्या प्रोफेशनल रेसलिंगवरचं. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात कथेचं एक गुपित फुटतं, आणि कथा अजून चालू आहे.

नायिका दिवसा लाँड्रीत काम करते आणि शनिवारी रात्री गावोगावच्या हॉलमध्ये कुस्ती खेळते. खेळते म्हणजे हरते. हरणं हेच तिचं काम. या धंद्यात अशा खेळाडूला 'जॉबर' म्हणतात. एखाद्या नव्या स्टारला मोठं करायचं तर कुणीतरी तिच्या हातून आपटून घ्यायला हवं, आणि आपटून घेणारी जितकी तयारीची, तितकी आपटणारी भयंकर वाटते. मानधन पेट्रोलपुरतं, वरकमाई टी-शर्ट विकून. दर आठवड्याला एक भाग येतो; फोनवर अंगठ्याने सरकवत वरून खाली वाचायचा.

हा उभा आकार या विषयाला फार मानवतो. नायिकेच्या खोलीत बुल नाकानो या जपानी रेसलरचं पोस्टर आहे. 1990च्या नोव्हेंबरात योकोहामात आजा काँगविरुद्धच्या लढतीत बुल नाकानोने लोखंडी पिंजऱ्याच्या अगदी माथ्यावरून खाली उडी घेतली होती. जुन्या चित्रफितीत ती उडी बघता बघता संपते. वेबकॉमिकमध्ये नायिका तीच उडी स्वप्नात घेते, आणि पडद्यामागून पडदा सरकत जातो तरी जमीन येत नाही. आधी छताचे दिवे, मग नुसती काळी पोकळी, मग कुठेतरी एक पाय, पुन्हा पोकळी. किती वेगाने पडायचं हे वाचणाऱ्याचा अंगठा ठरवतो. छापील पानावर ही गंमत कुणालाही साधणार नाही. परीक्षणाचा हा परिच्छेद मी खुशीत लिहून ठेवला होता.

पण संपादकांचा प्रश्न राहतच होता. मी त्यांना ओसाकाची गोष्ट सांगितली. 28 ऑगस्ट 1985. चिगुसा नागायो ही तेव्हा जपानमधल्या शाळकरी मुलींचं दैवत, वय वर्षं वीस. समोर डंप मात्सुमोतो, साऱ्या देशाने जिचा मनापासून द्वेष करावा अशी खलनायिका. पैज केसांची: जी हरेल तिचं डोकं रिंगमध्येच भादरायचं. नागायो हरली. रक्ताळलेल्या चेहऱ्याच्या नागायोला खुर्चीवर बसवून केसांवर मशीन फिरवलं, तेव्हा हॉलभर मुली हमसून हमसून रडत होत्या.

"निकाल ठरलेला होता, सर. पण केस खरेच गेले."

"हं," ते म्हणाले. त्यांचा 'हं' मला कळतो. अजून पटलेलं नसतं.

मग आणखी थोडं सांगितलं. ज्या संस्थेत ही लढत झाली ती ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग 1968 साली सुरू झाली आणि 2005मध्ये बंद पडली. तिथल्या नवख्या मुलींच्या कित्येक लढतींत डावपेच ठरवून व्हायचे, पण शेवटी खांदे टेकवायची वेळ आली की खरी झटापट. जी दाबून धरेल ती जिंकली. त्यावर मालकमंडळी आपापसात पैजा लावायची, असं त्या काळच्या खेळाडूंनीच पुढे सांगितलंय. आणि उलटं टोक अमेरिकेत. नोव्हेंबर 2018मध्ये सगळं ठरवून चाललेल्या एका हाणामारीत निया जॅक्स या रेसलरचा ठोसा दुसरी रेसलर बेकी लिंच हिला खरोखर बसला. नाक मोडलं, डोक्याला मार लागला, त्याच आठवड्यातली मोठी लढत हुकली. पण रक्ताळलेल्या तोंडाने प्रेक्षकांत उभी असलेली बेकी लोकांना अशी काही भावली की 7 एप्रिल 2019ला रेसलमेनिया या तिथल्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची अखेरची, मानाची लढत पहिल्यांदाच बायकांची झाली, आणि ती तिनेच जिंकली.

"हे सगळं छान आहे," संपादक म्हणाले, "पण हे त्या धंद्याबद्दल झालं. या पोरीच्या गोष्टीत खरं काय लागतं, ते सांग ना."

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे एक न सुटलेला धागा होता. कथेच्या साधारण मध्यापासून नायिकेच्या बोलण्याचे फुगे किंचित कलायला लागतात. बाकी कुणाचे नाही, फक्त तिचे. अक्षरंही ओळीवरून जराशी घसरलेली. सहज वाचताना जाणवणार नाही इतपत. एका भागात ती लाँड्रीत एकाच गिऱ्हाइकाला एकाच गाठोड्याची पावती दोनदा देते. थकली असेल, असं वाटून आपण पुढे जातो. मी भागांची उजळणी केली होती, पण कारण सापडत नव्हतं.

दुपारची एक भेट आधीच ठरवली होती. आमच्या भागातल्या क्रीडासंकुलात जूडोचे वर्ग चालतात, तिथल्या प्रशिक्षक बाई स्वतः राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या आहेत. पडण्यातलं कळणाऱ्या माणसाने ही चित्रं एकदा बघावीत, एवढाच माझा हेतू.

गेले तेव्हा लहान मुलांची बॅच चालू होती. मॅटवर दहाबारा पोरं पाठीवर पडायचा सराव करत होती, धपाधप. बाईंनी माझा टॅब घेतला आणि भराभर सरकवायला सुरुवात केली. फुग्यांतलं एक अक्षर वाचेनात.

"मॅडम, संवाद बघा ना जरा."

"पडताना कोण बोलतं, ताई?"

पहिल्या काही लढतींनंतर त्या कुरकुरल्या. "ही उचलली जात नाहीये. स्वतः उडी मारतेय." मी सांगितलं की तसंच असतं. समोरचीला डोक्यावरून मागे फेकायचं तर फेकल्या जाणारीनेही पाय झाडून उडी घ्यावी लागते, नाहीतर फेकणारीची कंबर जाईल. एकीचं वजन दोघींनी मिळून उचलायचं, आणि दिसायला मात्र एकीचीच ताकद दिसली पाहिजे.

"आमच्याकडे अशी मदत केली तर मॅटवरून हाकलून देतील," त्या म्हणाल्या. पण आता सावकाश बघायला लागल्या. रिंगबद्दल विचारलं. मी सांगितलं, खाली लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. "म्हणजे जवळजवळ फळीवरच," त्या म्हणाल्या आणि जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. मग उठून मला दाखवायला लागल्या. हनुवटी छातीला. नजर पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यापासून खांद्यापर्यंत आख्खा हात एकदम जमिनीवर. तोंडाने श्वास बाहेर. मार सगळीकडे वाटला गेला पाहिजे, एका जागी साठला की संपलं. हे सांगत असतानाच मान न वळवता ओरडल्या, "हनुवटी!" मागे एका पोराने झटकन हनुवटी आत घेतली. त्यांना ते कसं दिसलं हे मला अजून उमगलेलं नाही.

"चित्र काढणारी शिकलेली आहे बरं का," त्या म्हणाल्या. "किंवा कुणीतरी शिकवलंय. प्रत्येक वेळी हनुवटी आत आहे हिची. फेकणारीचे पाय एकदोनदा चुकलेत, पण हिचं पडणं कुठेच चुकलेलं नाही."

हे मी पाहिलं नव्हतं असं नाही, पण मी ते शैली म्हणून पाहिलं होतं. पडताना नायिकेचा चेहरा नेहमी केसांआड जातो. मला वाटे, हरणाऱ्याला चेहरा नसतो असं काहीतरी चित्रकर्तीला सुचवायचं असेल. परीक्षकांना असली वाक्यं फार लवकर सुचतात.

आणि मग बाईंचा अंगठा थांबला.

"ही उठली कशी?"

लढत साधीच होती. प्रतिस्पर्धी मागून कमरेला मिठी घालते आणि मागच्या मागे कमान करून फेकते, जर्मन सुप्लेक्स. चित्र उंचच उंच, वर हॉलच्या छताचे दिवे, खाली नायिका. आणि या एकाच चित्रात तिचा चेहरा पूर्ण दिसतो. केस बाजूला, डोळे उघडे, हनुवटी वर.

"हिचं डोकं आपटलंय," बाई म्हणाल्या.

मी मागे सरकवलं. आधीच्या चौकटीत प्रेक्षकांतून एक हाक येते. रिंगमधल्या नावाने नव्हे, घरातल्या नावाने. तिची आई पहिल्यांदाच कुस्ती बघायला आलेली असते. पोरगी हाकेकडे बघते, आणि त्याच क्षणी पाय जमीन सोडतात. पुढे सगळं ठरल्याबरहुकूम. पंच तीन मोजतो, नायिका हरते, टाळ्या पडतात, आत कपडे बदलताना सगळ्या हसतायत, आई डबा घेऊन दारात उभी. डोक्याचा विषय कुणी काढत नाही. नायिकाही नाही. आणि पुढच्याच भागापासून फुगे कलतात.

बाईंना मी ते फुगे दाखवले. त्यांनी पहिल्यांदा वाचले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आपल्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायला लागल्या. एका स्पर्धेत पोरगी पडली, उठली, "काही नाही मॅडम" म्हणाली, आणि पुढच्या पाच मिनिटांत तिने तीनदा विचारलं की मी जिंकले का. बाईंनी तिला तिथूनच दवाखान्यात नेलं. "हिला कोण नेणार?" टॅबकडे बोट करून त्या म्हणाल्या. "हिच्या तर निकालात काही बिघडलंच नाही. हरायचं होतं, हरली."

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. निकाल ठरलेला असल्यामुळेच इजा लपते. खऱ्या कुस्तीत डोक्याला मार लागलेला पैलवान हरतो, आणि निदान तेवढ्याने तरी कुणाचं लक्ष जातं. इथे लढत ठरलेल्या जागी संपते आणि प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातात. ऑगस्ट 1997मध्ये हिरोशिमाच्या रिंगमध्ये प्लम मारिको ही जपानी रेसलर कोसळली आणि दुसऱ्या दिवशी वारली. वय 29. आदळणं नेहमीच्याच एका डावातलं होतं, पण त्याआधी कितीतरी वेळा डोक्याला बसलेले धक्के साठत आले होते. अमेरिकेत क्रिस नोविन्स्की या रेसलरची कारकीर्द अशाच धक्क्यांमुळे संपली. 2007मध्ये त्याने या इजांवर काम करणारी संस्था काढली. वेबकॉमिकच्या नायिकेला यातलं काही ठाऊक नाही. तिला फक्त पावत्या आठवेनाशा झाल्यात.

घरी येऊन परीक्षण पुन्हा मांडलं. तीनच्या सुमारास संपादकांना फोन केला तर त्यांची शंका तयार. "चित्र काढताना चुकून झालं असेल तर? हनुवटीच ती."

पहिल्या भागापासून ती जिथे जिथे पडते ती सगळी चित्रं मी पुन्हा पाहिली होती. त्या एका जागेआधी हनुवटी कधीच वर नाही. आणि त्यानंतर? त्यानंतर ती हनुवटी इतकी आत घेते की खांदे कानाला लागतात. भ्यालेलं अंग. हे चुकून होत नाही.

"मग लिही की! यावरच लिही."

इथे खरी अडचण सुरू झाली. चित्रकर्तीने हे कुठेही उघड केलेलं नाही. ज्यांना दिसेल त्यांना दिसेल, बाकीच्यांना पुढे कधीतरी धक्का बसेल, अशी तिची योजना असणार. मी दोन ओळींत ते सांगून टाकलं तर तिचा इतक्या महिन्यांचा धीर मी एका अंकात उधळला असता. सांगितलं नाही, तर परीक्षणात सांगण्यासारखं उरतच नव्हतं. संपादक म्हणाले, आपले वाचक कुठे ते अमेरिकन कॉमिक वाचणार आहेत. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. वाचणार नसतील तर आपण परीक्षण कुणासाठी छापतो?

शेवटी ठरलं ते असं. चित्रं छापायची परवानगी आधीच घेतली होती, फक्त निवड बदलली. पडण्याची दोन चित्रं शेजारी शेजारी, न कापता, पानाच्या कडेने वरपासून खालपर्यंत. एक सुरुवातीच्या भागातलं, एक ते. खाली ओळ नाही. मजकुरात मी पडायचं कसं ते जूडोच्या बाईंच्या शब्दांत सविस्तर लिहिलं आणि फुगे कलतात एवढं नोंदवलं. बाकीचं वाचणाऱ्यावर. चित्रकर्तीला नव्या निवडीबद्दल मेल टाकली. तिकडे पहाट होती, तरी तासाभरात उत्तर आलं: चालेल, फक्त नाव नीट छापा. हीच दोन का, हे तिने विचारलं नाही.

मांडणी करणारा मात्र वैतागला. कडेचा उभा पट्टा गेल्यामुळे मजकुराला जागा कमी पडली. त्यात संपादकांचा हट्ट, आपल्याकडचं काहीतरी हवंच. मला वाटलं होतं ते उगाच घुसडायला लावतील, पण त्यांनी नाव काढलं हमीदा बानूचं, आणि ते नाव तिथे शोभत होतं. 1950च्या दशकात ही अलीगढची बाई पुरुष पैलवानांशी लढत होती. कोल्हापुरात एका पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो उडवून तिच्यावर दगड टाकले. महाराष्ट्रातली एक लढत कुस्ती संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली, तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर 'डमी' उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे संपादकांनी सकाळी मला जे विचारलं तेच, सत्तर वर्षांपूर्वी, सरकारी कागदावर. हे मी त्यांना म्हटलं तर ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, तो परिच्छेद ठेव.

तो ठेवायचा तर दुसरं काहीतरी जाणार होतं. बुल नाकानोची पिंजऱ्यावरची उडी गेली, तो खुशीत लिहिलेला परिच्छेद आख्खाच्या आख्खा. म्हणून इथे लिहून घेतला.