बिडी सोडून फायदा का झाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण एकदाच. पानठेल्यावर, सोसायटीच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात प्रश्न एकच: "भाऊ, बिडी सोडून फायदा का झाला?" विचारणाऱ्याच्या बोटात बहुतेक वेळा पेटलेली असते.

पैशाचं आधी उरकतो. दिवसाला दोन बंडल, वीस-वीसचे. वर्षाचे 14,600 रुपये. "मंग ते कुठी हायेत?" युरियाच्या पोत्यात गेले. बिडी पीत असतो तर युरिया उधारीवर आणला असता, एवढाच फरक.

तब्येतीचं म्हणाल, तर पहिले तीन दिवस डोकं फुटायचं बाकी होतं. बायकोवर खेकसलो, बैलावर खेकसलो. खोकला आधी वाढला. मग दिवाळीपर्यंत सकाळची ती अर्ध्या तासाची उबळ गेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात हृदयविकाराचा धोका बिडी पिणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरायचा धोका निम्मा व्हायला दहा वर्षं लागतात. मी 2019 च्या आषाढात सोडली, म्हणजे दुसरा हिशेब 2029 ला. आता न आलेला झटका मी पानठेल्यावर कसा दाखवू?

मी बिडीला शिव्या देईन ही अपेक्षाही ठेवू नका. माझी आई बिड्या वळायची. पानावर टिनाचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळकटी, दोरा, आणि टोक नखानं आत दाबायची. माझी दहावी त्या सुपातून झाली. गाव अजूनही मे महिन्यात पहाटे तेंदूपत्त्याला जातं.

लोकांना आवडणारं उत्तर वेगळं आहे: बाप दम्यानं गेला, पोरानं बिडी सोडली. तसं झालं नाही.

बाबांची फुफ्फुसं पन्नास वर्षांच्या बिडीनं गेली होती. शेवटच्या उन्हाळ्यात ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं घरी आणलं होतं. लाइन गेली की मी सिलिंडरची चावी फिरवायचो. एका रात्री आई झोपली होती. बाबांनी मला बोलावलं नाही, नुसती दोन बोटं ओठांजवळ नेली. मी म्हटलं, "बाबा, नोको." त्यांनी बोटं तशीच ठेवली. त्यांचा हात हलका झाला होता, मनगटाचं हाड तेवढं दिसत होतं. मी मशीन बंद केलं, नळी काढली, खाट दाराशी ओढली. माझ्याच बंडलातली एक काढली, माझ्याच तोंडात धरून पेटवली आणि त्यांच्या ओठांत दिली. त्यांना ओढता येईना. विझली. पुन्हा पेटवली. तिसऱ्यांदा एवढासा धूर निघाला आणि ते हसले. मग खोकला असा आला की आई उठली. तिनं बिडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् काही न बोलता नळी परत लावली.

ऑक्सिजन कपड्यांत, अंथरुणात मुरून राहतो, ठिणगीनं भडका उडू शकतो, हे मला नंतर कळलं. अकरा दिवसांनी बाबा गेले. तेरवीला मी गोठ्यामागं चार बिड्या ओढल्या.

सोडली ती रोवणीत, धानाची रोपं लावताना. पऱ्ह्याच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून चाललो होतो, दोन बांध्यांतच खाली बसलो. छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली. बाबांची होती तशीच, ओळखीची. बंडल तिथंच चिखलात दाबला. याला निर्धार म्हणा, भीती म्हणा. मला भीती वाटते.

सोडायच्या आधीचा मी आता भेटलो तर भांडेन. "झाडाचं पान आहे, कागद नाही, सिगरेटपेक्षा बरी," असं मीच सांगत फिरायचो. अरे, विझू नये म्हणून तिला सिगरेटपेक्षा जास्त झुरके मारावे लागतात, ते कुठं जातात? पण तोही गप्प बसणार नाही. म्हणेल, "अन् खर्रा?" बरोबर आहे. बिडी सोडल्यावर आठ महिने मी पन्नीतला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, घोटून खाल्ला आणि गावभर निर्व्यसनी म्हणून मिरवलो. धूर गेला, तंबाखू गालात होती. तो सोडताना तर बिडीपेक्षा जास्त हाल झाले.

फायदा हवाच असेल तर एक सांगतो. वास परत आला. पहिल्या पावसाचा आला, आंबेमोहराच्या भाताचा आला. अन् बिडीचाही, शंभर पावलांवरून. मला तो अजून चांगला वाटतो.

आई अजून विचारत नाही. त्या रात्री मी चुकलो का, हे मीही तिला विचारलेलं नाही. बाबांनी आज पुन्हा ती दोन बोटं ओठांजवळ नेली, तर मशीन बंद करीन की नाही, ते मला सांगता येणार नाही.